ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पायाभूत कोर्स ऑनलाइन कसा करावा

लॅपटॉप, इंटरनेट, वही आणि वेळापत्रक यांवर मी काही सांगणार नाही, ते तुमचं तुम्ही बघालच. हा कोर्स मी एकदा स्वतःसाठी केला आणि नंतर इतर अनेकांचा अभ्यास घेताना पुन्हा पुन्हा केला. माणसं अडकतात ती जागा जवळजवळ दरवेळी तीच असते. सल्ले मात्र भलत्याच गोष्टींवर मिळतात: रंगीत पेनं, चांगला हेडफोन, पहाटे उठणं.

पैसे भरण्याआधी

नर्सिंग, फिजिओथेरपी अशा पुढच्या प्रवेशासाठी कोर्स हवा असेल, तर जिथे प्रवेश घ्यायचाय त्या संस्थेलाच लेखी विचारा: ऑनलाइन केलेलं प्रॅक्टिकल धरणार का? कोर्स विकणाऱ्याला विचारून उपयोग नाही, तो हो म्हणणारच. नुसत्या उत्सुकतेपोटी शिकायचं असेल तर पैसे घालवूच नका. ओपनस्टॅक्स या मोफत पुस्तकांच्या प्रकल्पाचं २८ प्रकरणांचं इंग्रजी पाठ्यपुस्तक फुकट वाचता येतं.

नावं

मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात आणि ती पाठ होतात. फ्लॅशकार्ड, रोज वीस मिनिटं, विषय संपला. लांबलचक नाव दिसलं की ते फोडा. मानेतला स्टर्नोक्लायडोमास्टॉइड हा स्नायू म्हणजे स्टर्नम (छातीचं मधलं हाड), क्लॅव्हिकल (गळ्याजवळचं आडवं हाड) आणि कानामागचा मास्टॉइडचा उंचवटा. स्नायू कुठून कुठे जातो, त्याचा पत्ता नावातच लिहिलाय. मान एका बाजूला वळवा, दुसऱ्या बाजूला तो बोटांना लागतो. आणि एक लक्षात ठेवा: चित्रातलं डावं-उजवं हे चित्रातल्या माणसाचं असतं, तुमचं नव्हे. या एका चुकीपायी हृदयाच्या आकृतीत चांगल्या-चांगल्यांचे मार्क गेलेले पाहिलेत.

प्रक्रिया: खरी अडचण इथे आहे

फिजिऑलॉजी, म्हणजे शरीराचं काम कसं चालतं तो भाग, सुरू झाली की फ्लॅशकार्डं लुळी पडतात. मग कुणीतरी सांगतं, 'समजलं नाही तर व्हिडिओ पुन्हा बघ.' या कोर्सबद्दलचा यापेक्षा वाईट सल्ला मी ऐकलेला नाही.

चेतापेशीतल्या ॲक्शन पोटेन्शियलचा, म्हणजे संदेश नेणाऱ्या विजेच्या क्षणिक लाटेचा, व्हिडिओ मी पाच वेळा पाहिला होता. दरवेळी मान डोलावली, दरवेळी वाटलं की आता पक्कं झालं. परीक्षेत प्रश्न आला: पेशीबाहेरचं पोटॅशियम वाढलं तर काय होईल? मी पडद्याकडे बघत बसलो. सोडियम, पोटॅशियम, उणे ७० असे सगळे शब्द ओळखीचे होते, पण त्यांच्यातलं एकही कारण माझ्या डोक्यात नव्हतं. व्हिडिओत समजावणारा समजावतो आणि आपण फक्त ओळखतो. ओळखणं आणि स्वतःहून सांगता येणं यात किती अंतर आहे, ते व्हिडिओ चालू असेपर्यंत कळतच नाही.

म्हणून व्हिडिओ एकदाच बघा आणि बंद करा. कोरा कागद घ्या. घटना क्रमाने लिहा आणि प्रत्येक दोन घटनांमध्ये 'म्हणून' हा शब्द घाला. 'मग' नको. 'मग' लिहिलं की कारण न कळताही पुढे सरकता येतं.

ॲक्शन पोटेन्शियलचा कागद असा होतो: पेशीबाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. पोटॅशियम थोडं थोडं बाहेर झिरपतं, म्हणून आतली बाजू ऋण राहते, साधारण उणे ७० मिलिव्होल्ट. धक्का बसून ती उणे ५५ च्या आसपास आली की पेशीच्या आवरणातली सोडियमची दारं (चॅनेल) उघडतात, म्हणून सोडियम आत घुसतं, म्हणून व्होल्टेज अधिक ३० पर्यंत चढतं. तिथे सोडियमची दारं बंद पडतात, पोटॅशियमची सावकाश उघडणारी दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं, म्हणून व्होल्टेज पुन्हा उतरतं. हे सगळं एक-दोन मिलिसेकंदांत.

इथे एक खड्डा आहे, त्यात मीही पडलो होतो. व्होल्टेज उतरवतो तो सोडियम-पोटॅशियम पंप, असं अनेकांच्या नोट्समध्ये सर्रास लिहिलेलं असतं. चूक. उतरवतं ते बाहेर जाणारं पोटॅशियम. पंप ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो आणि दीर्घकाळ साठा टिकवतो. तो बंद पाडला तरी पेशी लगेच मुकी होत नाही, पुढचे बरेच संदेश जातात. तुमच्या कागदावर पंप या उतारात आला असेल तर खोडा.

कागद जमला की साखळीतली एक कडी तोडा आणि पुढचं सगळं मोठ्याने सांगा. सोडियमची दारं अडवली तर? व्होल्टेज चढणार नाही, संदेश जाणार नाही, दुखल्याचं मेंदूला कळणार नाही. दाताच्या डॉक्टरचं लिडोकेनचं इंजेक्शन हेच करतं. बाहेरचं पोटॅशियम वाढलं तर? झिरपणं कमी होईल, म्हणून आतली ऋणता घटेल, म्हणून पेशी उणे ५५ च्या जवळ येऊन आधी उतावीळ होईल. आणखी वाढलं तर सोडियमची दारं पुन्हा उघडायला तयार होऊ शकणार नाहीत आणि पेशी गप्प पडेल. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की हृदयाची काळजी का करतात, ते इथे कळतं. माझा बुडालेला प्रश्न हाच होता.

मोठ्याने म्हणजे खरंच मोठ्याने. मनातल्या मनात सांगताना आपण अवघड कडीवरून अलगद उडी मारतो.

बहुतेक पाठ्यपुस्तकांत स्नायू आधी येतात आणि चेतापेशी नंतर, पण आकुंचन समजायला ॲक्शन पोटेन्शियल लागतंच. ओपनस्टॅक्समध्ये १० वं प्रकरण उघडण्याआधी १२ व्यातला तेवढा भाग वाचून घ्या. क्रम मोडल्याबद्दल कोणी ओरडणार नाही.

पुढे मूत्रपिंड येईल तेव्हा हाच कागद काढा. दिवसाला सुमारे १८० लिटर गाळलं जातं आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास. उरलेलं कुठे, कोणत्या नळीतून आणि कशाच्या मागे परत गेलं, हे 'म्हणून' लावून सांगता आलं तर नेफ्रॉन (मूत्रपिंडातली सूक्ष्म गाळणी) झाला. रक्तदाब, हार्मोन, श्वास, सगळीकडे तेच. झटकन उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन पुन्हा ठीक कसं वाटतं, यापासून सुरुवात करा.

प्रॅक्टिकल आणि परीक्षा

आभासी विच्छेदन असेल तर अवयव फिरवून मागच्या बाजूनेही बघा, प्रश्न तिकडूनच येतात. पुस्तक उघडं ठेवून परीक्षा असेल तर खूश होऊ नका, वेळ शोधण्यातच जातो.

शेवटच्या आठवड्यात नवा व्हिडिओ उघडू नका. जुने कागद बाजूला ठेवून प्रत्येक साखळी कोऱ्या कागदावर पुन्हा लिहा, आणि जी मध्येच तुटेल तेवढीच पुस्तकात काढून वाचा.