फ्यूजनची एनर्जी कुठून येते, मोबाइलवर स्वतः काढून बघा

भाचा बारावीला आहे, रविवारी आला आणि म्हणतो, मामा, फ्यूजनमध्ये, म्हणजे हलके गाभे जोडून जड गाभा होताना, थोडं मास गायब होतं आणि त्याची एनर्जी होते, क्लासला एवढंच सांगितलं. म्हटलं गायब काय होतं ते दाखव की, आधी २ प्रोटॉन ३ न्यूट्रॉन होते, नंतरही मोजून तेवढेच!

तर कॅल्क्युलेटर उघडा. इंधन म्हणजे हायड्रोजनचे दोन जड भाऊ, आकडे अणूच्या मासच्या एककात (u): ड्युटेरियम (१ प्रोटॉन, १ न्यूट्रॉन) २.०१४१०२, ट्रिटियम (१ प्रोटॉन, २ न्यूट्रॉन) ३.०१६०४९, बेरीज ५.०३०१५१. आता जे तयार होतं ते, हेलियम ४.००२६०३ आणि एक सुटा न्यूट्रॉन १.००८६६५, बेरीज ५.०११२६८. वजा करा, ०.०१८८८३ उरतं, त्याला ९३१.५ ने गुणा (एका u ची एवढे एमईव्ही एनर्जी होते, एमईव्ही हे अणूच्या पातळीवरचं एनर्जीचं माप) की १७.६ एमईव्ही. दशांशाचे सहाही आकडे घ्यायचे हं, भाच्याने आधी नुसतं २ अधिक ३ बरोबर ४ अधिक १ केलं आणि उत्तर शून्य आलं, म्हणजे सगळी गंमत त्या शेपटातच आहे.

पण हे झालं किती ते, कुठून ते नाही. त्यासाठी पुण्याच्या तपकीर गल्लीतून दोन छोटे लोहचुंबक आणा आणि जवळ नेऊन सोडा. टक्कन चिकटतात, तो आवाज आणि हाताला बसलेला झटका हीच बाहेर पडलेली एनर्जी, आणि परत सोडवायला तेवढीच घालावी लागते. अणूच्या गाभ्यात तेच, फक्त ओढ चुंबकाची नाही, न्यूक्लिअर फोर्सची. ड्युटेरियमचे प्रोटॉन-न्यूट्रॉन पूर्ण सुटे करायला २.२ एमईव्ही लागतात, ट्रिटियमला ८.५, हेलियमला मात्र २८.३, इतका तो घट्ट बांधलेला. २८.३ मधून त्या दोघांचे मिळून १०.७ काढा, परत १७.६! घट्ट बसताना जी एनर्जी निघून गेली तिचंच वजन कमी भरलं, मणी तेच, माळ ओवली की हलकी. (सराफाच्या काट्यावर नाही दिसणार, उगाच नेऊ नका.)

आता लाइटबिलाच्या भाषेत. घट साधारण ०.३७५ टक्के, म्हणजे एक ग्रॅम इंधनातून ९४ हजार युनिट उष्णता, महिन्याला २०० युनिट धरले तर एका घराची ३९ वर्षं. कागदावर बरं का, कारण दोन्ही गाभे पॉझिटिव्ह, एकमेकांना ढकलतात, इतके जवळ यायला मशीनमध्ये १५ कोटी डिग्रीच्या आसपास तापवावं लागतं, आणि निघालेल्या एनर्जीतला चारपंचमांश भाग तो सुटा न्यूट्रॉन घेऊन पळतो.

सूर्याचं करायचं तर साध्या हायड्रोजनचे १.००७८२५ गुणिले ४, त्यातून तोच हेलियम वजा, गुणिले ९३१.५, २६.७ एमईव्ही यायला हवेत. तिथे दोन प्रोटॉनचे न्यूट्रॉन होतात, त्यात निघालेले पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे पॉझिटिव्ह जुळे) इलेक्ट्रॉनला भेटून संपतात, तेही ह्याच आकड्यात धरलंय. फक्त लोखंडापुढे ही ट्रिक लावू नका, तिथे गाभे जोडायला उलट पदरची एनर्जी घालावी लागते.