सोसायटीच्या फलकावर नाईक यशवंत घाडगे यांचा पराक्रम कसा मांडाल

१० जुलै हा नाईक यशवंत घाडगे यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी मुंबईतल्या आपल्या सोसायटीत किंवा मंडळात फलक लावायचा तर आठवडाभर आधी कामाला लागा.

आधी तपशील पक्के करा. हुद्दा नाईक, तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, गाव पळसगाव, तालुका माणगाव, दुसरं महायुद्ध, इटलीतलं अप्पर टायबर खोरं, १० जुलै १९४४, व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक), मरणोत्तर. हमखास चूक होते ती पदकात. परमवीर चक्र सुरू झालं २६ जानेवारी १९५० ला आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांनाच लागू आहे. घाडगेंच्या नावापुढे ते छापू नका.

खरी मेहनत मधल्या मजकुरावर घ्या. ‘शत्रूशी शर्थीने झुंजले’ हे कुणाबद्दलही लिहिता येतं. लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्रातल्या मानपत्रात घटना ओळीने दिल्या आहेत, तीच ओळ धरा. मशिनगनच्या जवळून झालेल्या माऱ्यात सेक्शनमधले, म्हणजे त्यांच्या छोट्या तुकडीतले, सगळे जवान ठार किंवा जखमी झाले, उरले फक्त कमांडर घाडगे. ते एकटेच चालून गेले. ग्रेनेड फेकून मशिनगन आणि ती चालवणारा निकामी केला, दुसऱ्याला टॉमीगनने (हातातल्या छोट्या मशिनगनने) टिपलं. मॅगझिन, म्हणजे बंदुकीतला गोळ्यांचा खण, बदलायला वेळ नव्हता. बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठेचलं. मग शत्रूच्या स्नायपरांच्या गोळ्या लागल्या आणि जिंकलेल्या मोर्चातच ते धारातीर्थी पडले. मॅगझिनचं वाक्य जागा कमी पडली तरी गाळू नका. त्या क्षणी त्यांच्या हातात काय उरलं होतं, ते त्यातूनच कळतं.

तीन बाय दोन फुटांचा सनबोर्ड पुरे. नाव दोन इंची, मजकूर अर्धा इंची, साधारण ९० शब्द. आठ बाय दहा इंची फोटोला किमान १२०० बाय १५०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर तो डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, नाहीतर दाबला जाऊन चेहरा फुटतो. मजकुराची पीडीएफ द्या. प्रेसमध्ये श्रीलिपी हे जुन्या फॉन्टचं सॉफ्टवेअर असेल तर युनिकोड चिकटवताच जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या सरकतात. छपाईआधी प्रूफ मोठ्याने वाचा.

जुलैचा पाऊस आडवा येतो, म्हणून फलक गेटवर न लावता जिन्याच्या आतल्या भिंतीवर लावा. हाराचे खिळे फोटोच्या वर, फलकाबाहेर ठोका आणि हार आखूड घ्या. लांब हार नेमका नावावर येतो.