पेशीपटलातून वहन : गुण घालवणाऱ्या या चुका टाळा

'ग्लुकोज प्रथिनाच्या मदतीने पेशीत जातो, म्हणून एटीपी लागतो.' उत्तरपत्रिकांत हे वाक्य वारंवार दिसतं आणि ते चूक आहे. प्रथिन म्हणजे फक्त दरवाजा. ऊर्जा (पेशी ती एटीपी या रेणूतून मिळवते) लागते ती चढ चढायला, म्हणजे कमी संहतीकडून (विरघळलेल्या पदार्थाच्या प्रमाणाकडून) जास्त संहतीकडे न्यायला. तांबड्या रक्तपेशीत ग्लुकोज वाहक प्रथिनातूनच शिरतो, पण जास्त संहतीकडून कमी संहतीकडे, म्हणजे उतारावरून. हे सुलभ विसरण, यात एटीपी खर्च होत नाही. तेव्हा आधी संहती कुठे जास्त आहे ते पाहा, नाव मग द्या.

आलेखातही हाच घोटाळा होतो. बाहेरची संहती वाढवली तसा वहनाचा वेग वाढत जाऊन आलेख सपाट झाला, तर वाहक प्रथिनं पूर्ण गुंतली आहेत एवढंच कळतं. वहन सक्रिय (ऊर्जा खर्चून होणारं) आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

आतड्याचं उदाहरण मला फार आवडतं. तिथे ग्लुकोज सोडियमच्या जोडीने आत ओढला जातो. त्या वाहकाला स्वतःला एटीपी लागत नाही. सोडियमचा उतार टिकवतो तो पेशीच्या दुसऱ्या बाजूचा पंप, एका एटीपीवर 3 सोडियम बाहेर आणि 2 पोटॅशियम आत. (हे आकडे उलटे लिहू नका.) म्हणूनच ओआरएसमध्ये (जुलाबात देतात त्या जलसंजीवनीत) मीठ आणि साखर दोन्ही लागतात. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मिश्रणाने कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले.

आता पाणी. गणितात सगळ्यात जास्त गुण इथे जातात. वॉटर पोटेंशियल म्हणजे पाण्याची बाहेर जाण्याची प्रवृत्ती; विरघळलेल्या पदार्थांमुळे येणारं सोल्यूट पोटेंशियल आणि दाबामुळे येणारं प्रेशर पोटेंशियल यांची ती बेरीज. समजा, शेजारशेजारच्या दोन पेशी आहेत. 'अ' पेशीचं सोल्यूट पोटेंशियल −0.8 आणि प्रेशर पोटेंशियल 0.3 मेगापास्कल, 'ब' पेशीचं −0.7 आणि 0.1. मुलं −0.8 पाहतात आणि पाणी 'अ'कडे पाठवून मोकळी होतात. बेरीज करा : 'अ'चं वॉटर पोटेंशियल −0.5, 'ब'चं −0.6. पाणी जास्तीकडून कमीकडे, म्हणजे 'अ'मधून 'ब'मध्ये जाईल. ऋण संख्यांत −0.5 मोठी, हे विसरलात तर बेरीज बरोबर येऊनही बाण उलटा पडतो.

'अतिपरासारी' (जास्त संहतीचं, पाणी ओढून घेणारं द्रावण) हा शब्द एकटा लिहू नका. कोणाच्या तुलनेत, तेही लिहा. 0.9 टक्के मिठाचं पाणी आपल्या रक्तपेशींना समपरासारी असतं, म्हणजे त्यात पेशी फुगतही नाहीत आणि आकसतही नाहीत. समपरासारी द्रावणात 'पाण्याची हालचाल थांबते' असंही लिहू नका. रेणू दोन्हीकडे जातच असतात, निव्वळ वहन तेवढं शून्य असतं.

शेवटी, रससंकोच झालेल्या (पाणी बाहेर गेल्याने आतला भाग आकसलेल्या) वनस्पतिपेशीत भित्तिका आणि आकसलेलं पटल यांच्यामधल्या जागेत काय असतं? 'हवा' किंवा 'पेशीरस' लिहून मुलं फसतात. तिथे बाहेरचं द्रावण असतं, कारण भित्तिका पाणी आणि विद्राव्य (विरघळलेला पदार्थ) दोघांनाही जाऊ देते.