ब्लो होलचं रिजेक्शन कमी करायचंय? आठ रनचा डीओई असा लावा

कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही फाउंड्रीत जा, ब्लो होलचं (कास्टिंगमध्ये गॅस अडकून पडणाऱ्या पोकळ्यांचं) रिजेक्शन वाढलं की उपाय ठरलेला, आधी सँडचं मॉइश्चर कमी करून बघा, नाही जमलं तर पोअरिंग टेम्परेचर बदला, तेही नाही तर बेंटोनाइटवाल्याला (सँड बांधून ठेवणारी माती पुरवणाऱ्याला) फोन. यात महिना जातो आणि रिजेक्शन उतरलं तरी नेमकं कशानं उतरलं ते कुणालाच सांगता येत नाही.

यावर उपाय डीओई, म्हणजे डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स, अनेक फॅक्टर एकाच आखलेल्या प्रयोगात बदलून बघणं. पण तो लावायच्या आधी इन्स्पेक्शन तपासा, हे बहुतेक लोक टाळतात आणि तिथेच सगळं फसतं. चांगली, खराब आणि सीमेवरची अशी ३० कास्टिंग मिसळून दोन इन्स्पेक्टरांना वेगवेगळं दाखवा, दुसऱ्या दिवशी क्रम बदलून परत दाखवा. दोघांचं एकमेकांशी किंवा स्वतःशीच जुळत नसेल तर पुढचे आकडे काढून काही उपयोग नाही.

आता तीन फॅक्टर घ्या, समजा मॉइश्चर ३.२ आणि ३.८ टक्के, टेम्परेचर १३६० आणि १४१० डिग्री, मोल्ड हार्डनेस ८० आणि ९०. लेव्हल फार जवळ ठेवल्या तर फरक दिसत नाही, फार लांब ठेवल्या तर सगळा माल भंगारात. दोन लेव्हल, तीन फॅक्टर म्हणजे आठ रन, प्रत्येक रन म्हणजे सेटिंगची एक वेगळी जुळणी. कागदावर मांडताना मॉइश्चरच्या कॉलममध्ये कमी-जास्त एकाआड एक लिहा, टेम्परेचरला दोन-दोन, हार्डनेसला चार-चार, टेबल तयार.

प्रत्येक रनला १०० कास्टिंग तरी हवीत, कारण ओके-रिजेक्टचा डेटा भुकेला असतो, ५ टक्के आणि १० टक्के यातला फरक २०-२५ नगांत खात्रीनं कळत नाही. पण इथेच डीओईची खरी कमाई आहे, मॉइश्चरची तुलना ४०० विरुद्ध ४०० अशी होते आणि तेच ८०० नग टेम्परेचरला आणि हार्डनेसलाही कामी येतात.

रनचा क्रम खरं तर चिठ्ठ्या टाकून काढायचा, कारण दिवस चढतो तशी रिटर्न सँड (मोल्ड फोडून परत वापरात येणारी) तापते आणि तो परिणाम तुमच्या फॅक्टरच्या नावावर जातो. पण प्रत्येक रनला मिक्सरचं मॉइश्चर बदलणं प्रॅक्टिकल नाही, म्हणून पहिल्या दिवशी कमी मॉइश्चरचे दोन रन मग जास्तचे दोन, दुसऱ्या दिवशी उलटं, आणि त्या दोन-दोनात चिठ्ठ्या.

हिशोबाला मिनिटॅबसारखं स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर नसलं तरी चालतं, एक्सेल पुरे. समजा १०० मागे सरासरी रिजेक्शन असं आलं: कमी मॉइश्चरला १३६० वर ६ आणि १४१० वर ५, जास्त मॉइश्चरला १३६० वर ७ आणि १४१० वर १४. मॉइश्चरचा इफेक्ट म्हणजे १०.५ वजा ५.५, म्हणजे ५. टेम्परेचरचा ३. पण नीट बघा, कोरड्या सँडमध्ये टेम्परेचर वाढवल्यानं रिजेक्शन १ नं उतरलंय आणि ओल्या सँडमध्ये तेच ७ नं चढलंय! याला इंटरॅक्शन म्हणतात, आणि एका वेळी एकच बटण फिरवणाऱ्याला हे सापडणं मुश्किल. एका शिफ्टचा सुपरवायझर म्हणतो टेम्परेचरनं काही होत नाही, दुसरा म्हणतो सगळं टेम्परेचरमुळेच, आणि दोघंही आपापल्या सँडपुरते बरोबर असतात.

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ फिशरनं हे तंत्र १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथमस्टेडच्या शेतांत घडवलं, आणि फॅक्टर सात-आठ झाले की कमी रनमध्ये भागवायला जे ऑर्थोगोनल अ‍ॅरे (निवडक रनची संतुलित टेबलं) वापरतात त्यांचं गणित १९४७ मध्ये आपले संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी मांडलं, जपानी इंजिनिअर तागुचींनी ते पुढे कारखान्यांत नेलं. तीन फॅक्टरला त्याची गरज नाही, पूर्ण आठच करा.

शेवटी निवडलेल्या सेटिंगवर खात्रीसाठी कन्फर्मेशन रन घ्याच, वेगळ्या दिवशी आणि दुसऱ्या शिफ्टमध्ये. अंदाजाच्या जवळ आकडा आला तर मॉइश्चरची नवी लिमिट मिक्सरवर चिकटवा आणि रोजचं रिजेक्शन पी चार्टवर (रिजेक्शनच्या प्रमाणाचा कंट्रोल चार्ट) टाकत राहा, पॉइंट चार्टच्या लिमिटबाहेर गेला तर त्याच शिफ्टमध्ये आधी मॉइश्चर मोजा, मग लॅडलमधल्या (धातू ओतायच्या भांड्यातल्या) धातूचं टेम्परेचर.