‘हे कोणासाठी?’ : मुलांना नियत शिकवताना

मी मुंब्र्याजवळ कौशात राहते. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजनंतर इमारतीतली आठ-दहा मुलं माझ्याकडे कुराण शिकायला येतात. ‘इन्नमल आमालु बिन्नियात’ सगळ्यांना तोंडपाठ आहे. पैगंबरांचे साथी हजरत उमर यांनी सांगितलेली, सहीह बुखारी या संग्रहातली ही पहिलीच हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन. कामाचं मोल त्यामागच्या नियतवर, म्हणजे मनातल्या हेतूवर, ठरतं, हा तिचा अर्थ. शाळेत ‘नियती’ हा शब्द शिकलेल्या एका मुलीने विचारलं, “खाला, म्हणजे नशीब का?” मी म्हटलं, नाही गं, उलट. नशीब आपल्या हातात नसतं, नियत पूर्ण आपल्या हातात असते. तेव्हापासून नव्या मुलांना मी आधी हाच फरक सांगते.

आधी माझी चूक सांगते, कारण ती बऱ्याच घरांत होते. माझा धाकटा सात वर्षांचा असताना मी फ्रिजवर नमाजचा तक्ता लावला होता. प्रत्येक नमाजला सोनेरी चांदणी, आठवड्याला पस्तीस झाल्या की आइस्क्रीम. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून पाहिलं, तो खेळून आला, पाय कोरडे, वजूचा, म्हणजे नमाजआधी हात-पाय-तोंड धुण्याचा, पत्ता नाही, आणि सरळ मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजच्या, चौकोनात चांदणी चिकटवली. मी रागावले नाही. नमाज चांदणीसाठी असते हे त्याला मीच शिकवलं होतं. त्याच रात्री तक्ता काढला. लहान मुलाला कधीतरी खाऊ द्यायला हरकत नाही, पण हिशेब भिंतीवर लावू नका.

मग काय करायचं? सुरुवात स्वतःपासून, तीही मोठ्याने. तांदळाची भाकरी थापताना मी म्हणते, “बिस्मिल्लाह, ही भाकरी घरच्यांच्या पोटाला लागो, अल्लाह राजी होवो.” शेजारी आजारी असेल तर डबा भरताना म्हणते, “हे कोणासाठी? अल्लाहसाठी.” मुलं ऐकत असतात. महिन्याभरात तीच वाक्यं त्यांच्या तोंडी येतात. हा प्रश्न काम करण्याआधी, स्वतःला विचारायचा. मुलाने काम केल्यावर त्याला उलटतपासणीसारखा विचारायचा नाही.

दुसरी गोष्ट, गुपचूप काम. दर आठवड्याला प्रत्येकाने एक चांगलं काम असं करायचं की मलाही कळता कामा नये. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये इतकं लपवून सदका, म्हणजे दान, देणाऱ्याला कयामतच्या दिवशी अल्लाहची सावली मिळेल, अशी हदीस आहे. ती सांगते आणि विषय सोडते. पुढच्या आठवड्यात “काय केलंस?” असं विचारायचं नाही, हे मोठ्यांना फार जड जातं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या नानींना वाकता येत नाही. गेले कित्येक महिने त्यांच्या दाराबाहेरच्या चपला रोज सरळ करून, अंगठा बाहेरच्या दिशेला ठेवलेल्या असतात, म्हणजे पाऊल सरळ आत जातं. नानींनी मला दोनदा विचारलं, कोण गं ते? मला माहीत नाही, आणि मी शोधणारही नाही.

मुलांना गोष्ट हवी असेल तर गुहेतल्या तिघा प्रवाशांची सांगा. दरड कोसळून गुहेचं तोंड बंद झालं, तेव्हा प्रत्येकाने फक्त अल्लाहसाठी केलेलं एकेक काम आठवून दुआ मागितली. एकाचे म्हातारे आई-वडील झोपले होते, त्यांची झोपमोड नको म्हणून तो दुधाचं भांडं हातात घेऊन पहाटेपर्यंत उभा राहिला होता. इथे थांबा आणि विचारा, त्या रात्री त्याला शाबासकी द्यायला कोण होतं?

किशोरवयीन मुलांचा प्रश्न मोबाइलचा. रमजानमध्ये इफ्तारीचं ताट रुमालाने झाकून शेजारी द्यायला पाठवलं, की जिन्यातच फोटो निघतो आणि स्टेटसला लागतो. मी ओरडत नाही. कुराणातल्या सूरह इन्सानची नववी आयत वाचून दाखवते: आम्ही तुम्हाला अल्लाहसाठी खाऊ घालतो, तुमच्याकडून ना मोबदला हवा, ना आभार. मग एवढंच सांगते, ताट नेताना फोन घरी ठेव. दहावीच्या मुलांना पैगंबरांचे साथी हजरत मुआज यांचं म्हणणं सांगते, की नमाजला उभं राहण्याबद्दल जशी सवाबाची, म्हणजे पुण्याची, आशा ते धरत, तशीच आपल्या झोपेबद्दलही धरत. पहाटेच्या फजरच्या नमाजला उठता यावं, अभ्यास नीट व्हावा म्हणून वेळेवर झोपणं, यातही नियत आली.

एका बाबतीत मात्र फार जपायला हवं. माझ्याकडचा एक बारा वर्षांचा मुलगा मामाकडे गेला की नमाज सोडायला लागला. भावंडं म्हणाली होती, “दाखवतोय बघा.” रियाच्या, म्हणजे दिखाव्याच्या, भीतीने त्याने मुसल्ला, म्हणजे नमाजची चटईच, गुंडाळून ठेवली. त्याला जवळ बसवून सांगितलं, लोकांसाठी करणं जसं चुकीचं, तसं लोकांमुळे सोडणंही. तू पढ, मन भरकटलं तर आतल्या आत पुन्हा नियत कर, तेवढं पुरे. आणि भावंडांच्या आईला फोन करून म्हटलं, ताई, कोणाच्या मनात काय आहे ते फक्त अल्लाहला दिसतं. मुलांना एकमेकांच्या नियतवर बोलू देऊ नका. पुढच्या सुट्टीत तो मामाकडे गेला, तेव्हा मुसल्ला स्वतःहून पिशवीत घातला.