इंग्लिश जमीनदार दांपत्याची जोडचित्रे कशी ओळखावीत

सोळाव्या ते अठराव्या शतकांत इंग्लंडमधील जमीनदार घराण्यांत पती-पत्नींची व्यक्तिचित्रे दोन स्वतंत्र फलकांवर, पण शेजारी शेजारी टांगण्यासाठी काढवून घेण्याची रीत होती. पुढे वारसांत वाटण्या आणि लिलाव झाले व अनेक जोड्या फुटल्या. त्यामुळे जोडी पारखताना चौकटीवर विसंबू नये. चौकट केव्हाही बदलता येते.

प्रथम दोन्ही चित्रांची छायाचित्रे शेजारी ठेवावीत, पतीचे आपल्या डाव्या हाताला आणि पत्नीचे उजव्या. कुलचिन्हशास्त्रात, म्हणजे घराण्यांच्या ढालींवरील चिन्हांच्या अभ्यासात, ढालीची उजवी बाजू ती धरणाऱ्याच्या दृष्टीने मोजतात. मानाची ही बाजू पाहणाऱ्याला डावीकडे दिसते आणि तिथे बहुधा पती असतो. अपवाद आढळतात, पण सुरुवात याच मांडणीने करावी. मग दोघांची शरीरे एकमेकांकडे वळलेली आहेत का आणि प्रकाश एकाच बाजूने येतो का, ते पाहावे.

पार्श्वभूमीकडे मात्र सर्वाधिक वेळ द्यावा. हान्स होल्बाइनने 1527 साली रंगवलेले सर हेन्री गिल्डफर्ड आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहेत, तर त्यांच्या पत्नी मेरी अमेरिकेतील सेंट लुइसच्या कलासंग्रहालयात. तरीही दोघांच्या मागची पडद्याची दांडी आणि हिरवी पालवी पाहिली, की ही दोन चित्रे एकाच भिंतीसाठी जन्मली होती, हे मनाला पटते. इतका फुटलेला संसार एका दांडीने जुळावा, याचे मला दर वेळी अप्रूप वाटते.

मापे अवश्य घ्यावीत, पण त्यांना पुरावा मानू नये. अठराव्या शतकात 30 बाय 25 किंवा 50 बाय 40 इंचांचे कॅनव्हास सर्रास वापरले जात, म्हणून मापे जुळणे पुरेसे नाही. उलट, कडा कापल्या गेल्यास खऱ्या जोडीचीही मापे जुळत नाहीत.

चित्रावर 'एटाटिस सुए' या लॅटिन शब्दांपुढे 27 असा आकडा असल्यास व्यक्ती वयाच्या सत्ताविसाव्या वर्षात आहे, म्हणजे काटेकोरपणे पाहता तिची सव्वीस वर्षे पूर्ण झाली आहेत, असा अर्थ घ्यावा. वय आणि चित्राचे साल यांवरून येणारे जन्मसाल चर्चच्या बाप्तिस्मा नोंदीशी ताडावे. चित्रावर कुलचिन्हाची ढाल रंगवलेली असेल आणि ती उभी दुभागलेली असेल, तर पाहणाऱ्याच्या डावीकडील अर्ध्यात पतीचे आणि उजवीकडील अर्ध्यात पत्नीच्या माहेरचे चिन्ह असते. पत्नीची ओळख पटवण्यास याहून चांगला धागा क्वचितच मिळतो. मात्र कुलचिन्हे आणि अक्षरे पुष्कळदा नंतर रंगवली जात. भिंगातून पाहताना त्यांचा रंग खालच्या थराच्या जुन्या भेगांत उतरलेला दिसला, तर ती उत्तरकालीन भर समजावी आणि तिच्या भरवशावर नाव ठरवू नये.

यानंतर घराण्याची मृत्युपत्रे आणि वाड्यातील सामानाच्या याद्या तपासाव्यात. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या हाइन्झ अभिलेखागारात व्यक्तिचित्रांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह आहे. हरवलेल्या जोडीदाराचा शोध तिथून सुरू करावा.