समूह प्रदर्शनासाठी चित्र परदेशी पाठवताना

परदेशातील समूह प्रदर्शनासाठी चित्राची निवड झाल्याचे कळले, की आधी ते खरोखर वाळले आहे का हे पाहावे. तैलरंग वरून कोरडा वाटला, तरी जाड थर आतून कित्येक महिने ओला राहतो. माझे पहिले चित्र मी घाईने थेट बबल रॅपमध्ये गुंडाळले होते. तिकडे पेटी उघडली तेव्हा निळ्या आकाशावर प्लॅस्टिकच्या फुग्यांची वर्तुळे उमटलेली होती आणि उद्घाटनाच्या आदल्या रात्री मी ती मिटवत बसले होते. ती पूर्णपणे गेली नाहीतच. तेव्हापासून वाळलेल्या चित्रावर मी आधी ग्लासिन कागद (रंगाला सहसा न चिकटणारा गुळगुळीत, पातळ कागद) घालते आणि त्यावर बबल रॅप, तोही फुगे बाहेरच्या बाजूला ठेवून. रंगाचे थर उंच असतील तर पृष्ठभागाला कागदसुद्धा टेकू देऊ नये; चित्र मागून पेटीतल्या चौकटीला स्क्रूने बसवावे.

पेटी साध्या लाकडाची असेल, तर ते लाकूड आयएसपीएम १५ या नियमानुसार (लाकडातून कीड देशोदेशी पसरू नये म्हणून केलेला आंतरराष्ट्रीय नियम) गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेले किंवा दुसऱ्या मान्य पद्धतीने प्रक्रिया केलेले असावे लागते आणि त्यावर तसा शिक्का लागतो. प्लायवूडला हा नियम लागू नाही.

कागदपत्रे करण्यापूर्वी चित्र विकायचे की परत आणायचे, हे ठरवावे. परत आणायचे असेल तर एटीए कार्नेट, म्हणजे वस्तू आयात शुल्क न भरता तात्पुरती परदेशी नेण्याचे सीमाशुल्काचे कागदपत्र, सोयीचे पडते. भारतात ते फिक्की ही उद्योग-व्यापाराची संघटना देते आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते. मात्र कार्नेटवर नेलेले चित्र तिथेच विकले गेले, तर त्या देशाचे आयात शुल्क आणि कर भरण्याची वेळ येते.

समूह प्रदर्शनात आपले चित्र बहुधा अनोळखी माणसे टांगतात. म्हणून मागच्या बाजूला नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, सेंटिमीटरमध्ये आधी उंची व मग रुंदी, आणि वरची बाजू दाखवणारा ठळक बाण, एवढे असावेच. बांधण्यापूर्वी पुढून, मागून व चारही कोपऱ्यांची छायाचित्रे काढावीत, आणि तिकडे पोहोचलेली पेटी २४ तास न उघडता त्या दालनाच्या हवेत राहू द्यावी, अशी आयोजकांना लेखी विनंती करावी.

परतीच्या वेळी पेटी बांधणारे हातही आपले नसतात. त्यामुळे झाकण खिळ्यांऐवजी स्क्रूचे करावे आणि कोणत्या थरावर कोणता थर येतो, याची क्रमवार छायाचित्रे झाकणाच्या आतून चिकटवून ठेवावीत.